येळवशीला या : निलंग्याचे शिवार आणि अमाझिगांचे नवे वर्ष

जानेवारी 2024 च्या दुसऱ्या आठवड्यात एक योग जुळून आला होता. गुरुवारी, 11 तारखेला, आमच्या लातूर जिल्ह्यात वेळ अमावास्या होती. दुसऱ्याच दिवशी, 12 तारखेला, अल्जीरियात येन्नायर म्हणजे अमाझिग लोकांचे नवे वर्ष सुरू झाले. आणि 14 तारखेला मोरोक्कोने हाच सण पहिल्यांदा सरकारी सुट्टी म्हणून साजरा केला. चार दिवसांत तीन देशांतली शेतकरी घरे एकाच कामात गुंतली होती. धान्य शिजवायचे, ते आधी मातीला द्यायचे, मग पोटभर खायचे, आणि दारात किंवा बांधावर जो येईल त्याला उपाशी जाऊ द्यायचे नाही.

उत्तर आफ्रिकेत जाऊन येन्नायर पाहावा असे आता अनेक प्रवाशांना वाटते. अवश्य पाहावा. पण मराठी माणसाला तो सण समजून घ्यायचा असेल, तर त्याची किल्ली निलंगा तालुक्याच्या काळ्या रानात आहे. वेळ अमावास्या, आमच्या बोलीत येळवस, हा सण लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत, नांदेड-सोलापूरच्या काही भागांत आणि सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीकडे होतो. पुण्या-मुंबईच्या माणसाने बहुधा त्याचे नावही ऐकलेले नसते. कोणतेही हंगामी वर्ष, इथले असो की ॲटलस पर्वतातले, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नीट दिसत नाही. ते बांधावर बसून जेवल्यावरच कळते. आणि अशा सणात पाहुणा हा बघ्या नसतो, तो विधीचाच भाग असतो. हे दोन्ही सण शेजारी ठेवून मला एवढेच सांगायचे आहे.

एका वर्षात दोनदा, एका वर्षात एकदाही नाही

येळवस मार्गशीर्ष अमावास्येला येते. इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. 2022 साली ती 23 डिसेंबरला होती. त्यानंतर 2023 च्या अख्ख्या वर्षात येळवस आलीच नाही, कारण त्या वर्षी अधिक श्रावण पडला आणि पुढचे सगळे सण जवळजवळ महिनाभर लांबले. मग 2024 मध्ये ती दोनदा आली, 11 जानेवारीला आणि 30 डिसेंबरला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने पुढची येळवस 7 जानेवारी 2027 ला आहे.

हा गोंधळ वाटतो, पण त्यात शिस्त आहे. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे. सूर्याच्या वर्षापेक्षा ते 11 दिवसांनी तोकडे पडते. ही तूट साठत गेली असती तर येळवस कधी उन्हाळ्यात, कधी भर पावसात आली असती. आपले पंचांग साधारण 32-33 महिन्यांनी एक अधिक महिना घालून ही तूट भरून काढते. म्हणून येळवस डिसेंबरचा मध्य ते जानेवारीचा मध्य यांच्यामध्ये मागेपुढे सरकते, पण रब्बीचा हंगाम सोडून जात नाही. ती येते तेव्हा हरभऱ्याचे घाटे भरत असतात, गहू पोटरीत किंवा ओंबीवर असतो, ज्वारी निसवलेली असते, तूर काढणीला आलेली असते. वर्षातला हा एकच काळ असा की रानात उभे राहिले तर चारी बाजूंना काही ना काही खाण्याजोगे सापडते.

पाडवा हे आपले रीतसर नवे वर्ष. सालगड्याचे साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ठरते, देण्याघेण्याचा हिशेब तेव्हा होतो. पण पाडव्याला कोरडवाहू रान रिकामे पडलेले असते. माणसांचे वर्ष पाडव्याला बदलते हे खरे, मात्र पिकांची विचारपूस करायला कुणबी जातो तो येळवशीला. त्या अर्थाने हा रानाचा वर्षाचा सण आहे.

फसली सन आणि मगरेबचा शेतकरी

अमाझिग हे मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया या पट्ट्यातले, म्हणजे मगरेबातले मूळ रहिवासी. बाहेरच्या जगाने त्यांना बर्बर म्हटले, ते स्वतःला अमाझिग म्हणवतात. त्यांच्या तामाझिग्त भाषेला मोरोक्कोने 2011 च्या राज्यघटनेत आणि अल्जीरियाने 2016 मध्ये राजभाषेचा दर्जा दिला. अल्जीरियाने 2018 पासून येन्नायरची सुट्टी सुरू केली. मोरोक्कोत राजे सहावे मोहम्मद यांनी मे 2023 मध्ये तशी घोषणा केली.

त्यांच्या सणाची तारीख सूर्यावर ठरते. रोमन काळापासून तिथल्या शेतकऱ्यांनी ज्युलियन दिनदर्शिका सांभाळली. येन्नायर, फुरार, मगरेस ही त्यांच्या महिन्यांची नावे म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी, मार्चच आहेत. पुढे धर्म इस्लाम झाला, सण-व्रतांसाठी हिजरी वर्ष आले. पण हिजरी वर्षात अधिक महिना नाही. त्यातला प्रत्येक महिना साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. अशा वर्षावर पेरणी कशी बेतणार? म्हणून मशिदीसाठी एक दिनदर्शिका आणि शेतासाठी दुसरी, अशी सोय तिथे शतकानुशतके चालत आली.

मराठवाड्याच्या वाचकाला यात काहीच परके वाटू नये. निजामकाळातले शेतसाऱ्याचे जुने कागद काढून पाहा, त्यांवर फसली सन दिसेल. अकबराच्या काळात उत्तरेत सुरू झालेले आणि शहाजहानच्या काळात दख्खनमध्ये आलेले हे सन याच अडचणीतून जन्मले. हिजरी वर्षाप्रमाणे सारा मागायला गेले, तर काही वर्षांनी तो सुगीच्या आधीच मागावा लागायचा. म्हणून सुगीला बांधलेले सौर वर्ष काढले. दख्खनी फसली सनात 590 मिळवले की इसवी सन मिळते. निलंगा त्या काळी हैदराबाद संस्थानातल्या बिदर जिल्ह्यात होते. 1956 च्या भाषावार प्रांतरचनेत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बिदरमधून निघून उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात आले आणि 1982 साली त्यातून लातूर जिल्हा झाला. म्हणजे आमच्या आजोबा-पणजोबांनी शालिवाहन शक, फसली आणि हिजरी अशी तीन वर्षे एकाच घरात वापरली. मगरेबमधला शेतकरीही तेच करत होता. दोन्हीकडे पिकांपुढे हुकूमही वाकला आणि पंचांगही.

ज्युलियन वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा सुमारे 11 मिनिटांनी मोठे आहे. शतकानुशतकांत ही मिनिटे साठून आज 13 दिवसांचा फरक पडला आहे. जुन्या गणनेतला 1 जानेवारी आपल्या 14 जानेवारीला येतो तो त्यामुळे. मोरोक्को 14 तारीख पाळतो, अल्जीरियात 12 तारीख रूढ झाली. वर्षाचा आकडा मात्र अलीकडचा आहे. लिबियन वंशाचा शेशोंक पहिला इजिप्तच्या गादीवर आला, त्याने तिथे बाविसावे राजघराणे स्थापले. त्या घटनेला आरंभ मानून इसवी सनपूर्व 950 पासून वर्षे मोजावीत, असा प्रस्ताव अम्मार नेगादी या कार्यकर्त्याने 1980 च्या सुमारास मांडला आणि तो लोकांनी उचलला. त्यामुळे जानेवारी 2024 मध्ये 2974 हे वर्ष लागले. शकाला शालिवाहनाचे नाव, अमाझिग वर्षाला शेशोंकचे. राजांची नावे अशी वरून जोडली जातात. खालचा सण मात्र जुना आहे, आणि त्याला कोणत्याही राजाची गरज पडलेली नाही.

बिंदगे, भज्जी आणि कोपी

येळवशीची तयारी घरात आंबिलापासून सुरू होते. ज्वारीचे पीठ ताकात कालवून आंबवतात, शिजवून पातळ करतात, पुन्हा ताक घालतात. लसूण, जिरे, मीठ, वरून कोथिंबीर. घराघराची पद्धत थोडी वेगळी. थंडीत आंबायला वेळ लागतो, म्हणून हे काम आधीच काढावे लागते. ताकातले जिवाणू पिठातली साखर खाऊन आम्ल तयार करतात. त्यामुळे आंबील टिकते, पचायला हलके होते आणि त्याला ती जिभेला चटका देणारी आंबट चव येते. ते मातीच्या बिंदग्यात भरतात. बिंदग्याला चुना आणि काव लावून रंगवलेले असते. सणाच्या सकाळी ते डोक्यावर घेऊन घरचा माणूस रानाची वाट धरतो. मागे डबे, टोपल्या, लेकरे.

भज्जी हा या दिवसाचा प्राण. बेसनात बुडवून तळलेल्या भजीशी तिचा संबंध नाही. आदल्या संध्याकाळी घरातल्या आणि शेजारच्या बायका गोल करून बसतात आणि शेंगा सोलतात. तुरीचे हिरवे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वाल, भुईमुगाचे दाणे. त्यात मेथी, पालक, कांद्याची पात, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, वांगी, गाजर. दाणे शिजले की भाज्या पडतात. ताकात किंवा पाण्यात कालवलेले बेसन लावून सगळे घोटतात. आंबटपणाला चिंच. शेवटी ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची यांची सणसणीत फोडणी. पळी उभी राहील इतपत दाट झाली की उतरवायची. बाजरीचे उंडे आणि तीळ लावलेली ज्वारीची भाकरी तिच्याबरोबर. गोडाला गव्हाची खीर आणि शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या पोळ्या.

एका पातेल्यात त्या आठवड्यात शिवारात काय काय पिकले आहे याची पूर्ण यादीच असते. आणि ती यादी आहारशास्त्राच्या दृष्टीनेही चोख आहे. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळींमध्ये भरपूर असते. डाळींत मेथिओनीन कमी, ते तृणधान्यांत मिळते. उंडा भज्जीत बुडवून खाल्ला की दोन्हींची उणीव भरून निघते.

रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी केलेली असते. वरून शाल किंवा साडी. आत पाच दगड, चुन्याने आणि कावेने रंगवलेले. हे पाच पांडव. त्यांच्याजवळ लक्ष्मीची मांडणी. पूजा होते, सगळ्या पदार्थांचा नैवेद्य दाखवतात. मग आंबील आणि अन्नाचे घास घेऊन घरची मंडळी पिकाभोवती फेरी मारतात आणि ते शिंपडत जातात. पुढचा शिंपडतो, मागचे कानडी वळणाच्या आरोळ्या देतात. त्या आरोळ्यांचा अर्थ विचारला तर बहुतेकांना सांगता येत नाही, पण सूर सगळ्यांना येतो. सीमेपलीकडे या सणाला एळ्ळ अमावास्या म्हणतात आणि तिथेही शेतात घास शिंपडण्याचा असाच विधी आहे. मांजरा-तेरणेच्या या खोऱ्यात 1956 साली राज्यांची हद्द पडली. सणाला ती हद्द कधी कळलीच नाही.

दुपारी पंगत. झाडांना झोके बांधलेले, पोरांच्या हाती पतंग, कुठे हुरडा, कुठे ऊस, कुठे नुसते बोरांच्या झाडाखाली उभे राहणे. दिवस कलला की काही शिवारांत कोपीसमोर मातीच्या भांड्यात दूध तापवून उतू घालवतात. ज्या दिशेला ते सांडेल तिकडे पुढच्या साली पाऊस-पीक चांगले, असा समज. अंधार पडताना हेंडगा पेटतो. वाळल्या गवताची किंवा कडब्याची मशाल घेऊन माणसे पिकाभोवती धावतात, म्हणजे कीड-रोग दूर जावा. लातूर, निलंगा, औसा, उदगीर इथल्या बाजारपेठा दिवसभर बंद असतात. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. पुण्याला नोकरीला असलेली पोरे दिवाळीला आली नाहीत तरी येळवशीला येतात.

ताग्गूला, मीठ आणि उसना दिवस

आता मोरोक्कोत ॲटलसच्या दक्षिणेला सूसच्या खोऱ्यात, अगादीर-तिझनितच्या भागात चला. येन्नायरच्या रात्री तिथे ताग्गूला शिजते. जव किंवा मक्याच्या भरडीची ती घट्ट पेज. मोठ्या परातीत ओतून मध्ये खळगा करतात आणि त्यात आर्गन तेल, लोणी किंवा मध घालतात. सगळे घर एकाच परातीभोवती बसते. पेजेत खजुराची एक बी लपवलेली असते. ती ज्याच्या घासात येईल, त्याचे वर्ष भाग्याचे. अन्य भागांत सात भाज्यांचा कुसकुस असतो, चणे आणि सुक्या शेंगांचे दाणे घातलेला. म्हणजे तृणधान्य आणि डाळीची तीच जोडी. अल्जीरियाच्या काबिली प्रदेशात कोंबडा कापण्याची रीत आहे. कुसकुस करण्याच्या आणि वाढण्याच्या परंपरेला 2020 साली अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या चार देशांच्या एकत्रित मागणीवरून युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

त्या रात्री पोट भरून न जेवणारा वर्षभर उपाशी राहतो, असा तिथे समज आहे. म्हणून पाहुण्याला आग्रह करकरून वाढतात. काही गावांत मिठाचे तीन खडे रात्रभर उघड्यावर ठेवतात, येणाऱ्या तीन महिन्यांच्या नावाने. जो खडा ओलावेल त्या महिन्यात पाऊस. काही घरांत चुलीचे जुने दगड काढून नवे बसवतात. काबिली घरांत मुलाचे पहिले केस याच सुमारास कापण्याची रीत होती, आपल्याकडच्या जावळासारखी. आणि आजी नातवंडांना एक गोष्ट सांगते. एका म्हातारीने थंडी सरली असे समजून जानेवारीची टिंगल केली. चिडलेल्या जानेवारीने फेब्रुवारीकडून एक दिवस उसना घेतला आणि त्या दिवशी असे वादळ आणले की म्हातारी गोठून मेली. फेब्रुवारी तोकडा का, याचे उत्तर मुलांना मिळते. थंडी संपली असे धरून बी-भरण आणि चारा उधळू नये, हा धडा मोठ्यांना मिळतो.

अल्जीरियाच्या पश्चिमेला त्लेमसेनजवळच्या बेनी स्नूस डोंगरात आयराद होतो. सिंहाचे मुखवटे घातलेली मंडळी गाणी-वाद्यांसह घरोघर जातात. प्रत्येक घर अंजीर, सुकामेवा, धान्य देते. जमलेले सगळे गरजूंमध्ये वाटून टाकतात.

दोन्हीकडे पाऊस बेभरवशाचा

दूध कुठे सांडते आणि मीठ कुठले ओलावते, या दोन्ही चाचण्यांमागे एकच काळजी आहे. निलंग्याची शेती बव्हंशी पावसावर चालते. याच जिल्ह्यातल्या लातूर शहराला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. मोरोक्कोनेही अलीकडे सलग काही वर्षे दुष्काळ सोसला. मेंढ्यांचे कळप इतके घटले की 2025 च्या बकरी ईदला कुर्बानी करू नये, असे आवाहन तिथल्या राजांनी केले.

अशा प्रदेशात एक दिवस सगळ्यांनी पोटभर जेवायचे, आणि तेही उभ्या पिकाच्या किंवा भरलेल्या कोठीच्या साक्षीने, याला चैन म्हणता येत नाही. हिवाळ्याच्या मध्यावर घरात काय शिल्लक आहे आणि रानात काय येऊ घातले आहे, याचा तो जाहीर ताळा आहे. कुणाकडे कमी आहे, हेही त्याच दिवशी उघड होते. म्हणून वाटून खाण्याचा नियम सणातच घातलेला आहे. येळवशीला ज्याचे रान नाही त्याला रानवाला बोलावतो. मजूर, बटाईदार, गावातला दुकानदार, बदलून आलेला शिक्षक, शेजारचे मुसलमान कुटुंब. ज्या मुसलमान कुटुंबांची शेती आहे त्यांच्या रानातही भज्जी शिजते. रस्त्याने जाणाऱ्याला हाक येते, “या पाव्हणं, आंबील पिऊन जावा.” ती हाक ऐकून पुढे निघून जाणे आमच्याकडे वाईट दिसते.

मराठी आणि अमाझिग मुलखांच्या नात्याला एक जुना धागाही आहे. टँजियर शहरात 1304 साली जन्मलेला इब्न बतूता हा लवाता या अमाझिग कुळातला. मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे निघालेला हा प्रवासी 1342 च्या सुमारास दिल्ली सोडून दौलताबादला आला. पुढे नंदुरबारला गेल्यावर त्याने मराठी लोकांच्या जेवणाची नोंद केली. भात, भाजीपाला, तिळाचे तेल असे त्यांचे खाणे, आणि प्राण्यांना पीडा देणे त्यांना आवडत नाही, असे तो सांगतो. येन्नायर पाळणाऱ्या मुलखातला माणूस पावणेसातशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात आला आणि त्याने आमच्या ताटाकडेही पाहिले. प्रवाशाने नेमके तेच करावे.

कडबा कमी झाला, तरी

येळवशीपुढे आज खरी अडचण पिकांची आहे. लातूर जिल्ह्यात गेल्या तीन दशकांत खरिपात सोयाबीन पसरले आणि त्याने मूग-उडीद, खरीप ज्वारी यांची जागा घेतली. रब्बीत हरभरा वाढला, ज्वारी घटली. ज्वारी घटली की कडबा घटतो. कोपीला पेंढ्या मिळत नाहीत, आंबिलाला पीठ विकत आणावे लागते, बाजरी तर कितीतरी रानांत दिसतच नाही. एकाच पिकाच्या रानात भज्जी होत नाही. ती मिश्र पेरणीतून जन्मलेली आहे. बांधाकडेला वाल, तुरीच्या ओळी, मधल्या पट्ट्यात भाजीपाला असेल तरच पातेले भरते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची पटडी चिंच यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तूर आणि चिंच या भज्जीच्याच दोन वस्तू. त्या याच मातीच्या आहेत, हे आता कायद्यानेही मान्य केले आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरांत ज्वारी-बाजरीची हॉटेले निघाली. आमच्या बायकांनी मात्र ही धान्ये त्याआधीही दर मार्गशीर्षात शिजवली होती आणि त्यानंतरही शिजवली. सण टिकवायचा तर वाडीच्या एका कोपऱ्यात चार तासे ज्वारीची, दोन बाजरीची, थोडा वाल आणि वाटाणा ठेवावा लागेल. येळवशीपुरते का होईना, पण ते आपल्या रानातले हवे.

येणाऱ्याने काय करावे

येन्नायरला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने मोठ्या शहरातले मंचावरचे कार्यक्रम पाहून परतू नये. तो घरातल्या परातीचा सण आहे, आणि आमंत्रण असल्याशिवाय त्या परातीपर्यंत पोचता येत नाही. ओळखीतून एखाद्या गावात जावे. रिकाम्या हाती जाऊ नये. खजूर, साखर, चहा तिथे चालतो, आपल्याकडचे तीळगूळ नेले तर फारच उत्तम, कारण दिवस संक्रांतीचेच असतात. उजव्या हाताने, परातीतल्या आपल्या समोरच्या भागातून खावे. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. मांसाहार करत नसाल तर ते आधीच नम्रपणे सांगावे. ताग्गूला बहुधा बिनमांसाची असते.

निलंग्याला येणाऱ्याला यापेक्षा सोपे आहे. लातूरपासून निलंगा साधारण पन्नास किलोमीटर. आदल्या दिवशीच मुक्कामाला या, कारण सणाच्या दिवशी बाजारात चहासुद्धा मिळायची पंचाईत होते. गावातले दगडी नीळकंठेश्वर मंदिर आदल्या संध्याकाळी पाहून घ्या. निलंगा राईस नावाचा इथला भातही त्याच रात्री खा. शेंगा सोलायला बसा, ते काम कुणालाही येते आणि तिथेच सगळ्या गोष्टी ऐकायला मिळतात. रानात जाताना पिकात पाय टाकू नका, धुऱ्याने चाला. कोपीजवळ चप्पल काढा. वाढलेले टाकू नका, आंबील पहिल्यांदा थोडेच घ्या. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पत्रावळ्या बरोबर परत न्या. हेंडग्याच्या वेळी लहान मुलांना आणि कडब्याच्या गंजीला जाळापासून लांब ठेवा. आणि जेवणाचे पैसे देऊ करू नका, तो यजमानाचा अपमान होतो. त्याऐवजी पुढच्या वर्षी त्याला आपल्या घरी बोलवा.

आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांनाही एक सांगणे आहे. येळवशीचा पर्यटन म्हणून गाजावाजा करण्याची गरज नाही, आणि तिकीट लावून कोपी दाखवण्याची तर मुळीच नाही. पैसे घेऊन वाढले की पाहुणा गिऱ्हाईक होतो आणि सणाचा कणा मोडतो. मात्र ज्यांची शेती विकली गेली, जी कुटुंबे कामासाठी इथे येऊन राहिली, जी पोरे वसतिगृहात आहेत, त्यांना आवर्जून बोलवा.

7 जानेवारी 2027 ला, गुरुवारी, येळवस आहे. पाच दिवसांनी अल्जीरियात 2977 वे वर्ष लागेल. या रब्बीला पेरणी करताना बांधाच्या कडेला वाल आणि वाटाण्याच्या दोन ओळी जास्त टाका, आणि ज्याला स्वतःचे रान नाही अशा एका घराला येळवशीचे आवतण आत्ताच देऊन ठेवा.